उसन्या डोळ्यांचं देणं

माझ्या घरात भिंतींवर जे फोटो लावलेले आहेत, त्यांच्या कोपऱ्यात सही माझी आहे. पण त्यांतला एकही फोटो माझ्या एकटीचा नाही. एकात ड्रॉइंगच्या सरांची नजर आहे, एकात अण्णांचा हात आहे, एकात एक्स-रेच्या ताईंनी विचारलेला प्रश्न आहे. कॅमेरा मी धरला, बटण मी दाबलं. पण बघायला मला या माणसांनी शिकवलं. त्यांतली काही आता नाहीत. जी आहेत, त्यांच्यापुढं बसून आभार मानायला गेले तर ती मला बोलूच देणार नाहीत. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

मी कोल्हापुरात पोस्टात नोकरी केली. फोटोचा नाद लागला तो थोरल्या भावाच्या आग्फा क्लिक थ्रीमुळं. १२० चा रोल, त्यावर बारा फोटो, आणि उजेडासाठी ऊन, ढग अशा साध्या खुणा. पुढं पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून एक वापरलेला पेन्टॅक्स के १००० घेतला. त्यात सगळं हातानं करावं लागायचं. काटा मध्यावर आला की उजेड बरोबर, एवढीच त्याची मदत. रंकाळा, पंचगंगेचा घाट, भवानी मंडप, तालमीतली लाल माती, महाद्वार रोडची गर्दी असे सगळ्यांनी काढलेले फोटो मीही काढले. घरी दाखवले की आई म्हणायची, छान आलाय. ऑफिसात दाखवले की मैत्रिणी म्हणायच्या, छान आलाय. त्या शब्दांत माया होती, पण पुढचा फोटो कसा काढायचा ते त्यातून कळत नव्हतं. कशामुळं छान आलाय आणि काय राहून गेलंय, हे सांगणारं कुणी जवळ नव्हतं.

अण्णांच्या स्टुडिओत मी रोल धुवायला टाकायची. पासपोर्टचे फोटो आणि लग्नाचे अल्बम यांवर चालणारा साधा स्टुडिओ. एकदा कॉन्टॅक्ट शीट हातात देताना त्यांनी ती परत घेतली, भिंग लावून ओळीनं सगळे छत्तीस फोटो बघितले आणि म्हणाले, "बाई, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण बसतो. एक फोटो आणा. एकच. आणि आमचं बोलणं संपेपर्यंत तुम्ही काही बोलायचं नाही."

त्या खोलीत मी पुढची कित्येक वर्षं जात राहिले. आमच्या बैठकीला नाव नव्हतं, पावती नव्हती, वर्गणी नव्हती. चहा खालच्या हॉटेलातून यायचा आणि ज्याचा फोटो आधी झाला असेल तो पैसे द्यायचा. पण नियम कडक होते. फोटो टेबलावर ठेवायचा, मागं नाव लिहायचं नाही. ज्याचा फोटो आहे त्यानं गप्प बसायचं; तो कुठं काढला, किती पहाटे उठावं लागलं, पाय कसा घसरला, हे काही सांगायचं नाही, कारण फोटो बघणाऱ्याला ते दिसत नसतं. बाकीच्यांनी आधी फक्त काय दिसतंय ते सांगायचं. मग नजर कुठं जाते आणि कुठं अडते ते सांगायचं. आणि अगदी शेवटी, आपण तिथं असतो तर काय केलं असतं ते. "आवडला" आणि "नाही आवडला" हे दोन्ही शब्द त्या खोलीत बाद होते. म्हणणं काहीही असलं तरी पेन्सिलीच्या मागच्या टोकानं फोटोवर जागा दाखवायची. जागा दाखवता आली नाही तर ते म्हणणं मागं घ्यायचं.

ही रीत अण्णांनी कुठून उचलली ते मी कधी विचारलं नाही. पण हौशी लोकांनी एकत्र बसून एकमेकांचे फोटो बघायचे, हे आपल्याकडं नवं नाही. फोटोग्राफीची कला जगासमोर आली १८३९ मध्ये, आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत होते. पेशानं डॉक्टर, हौसेनं फोटोग्राफर. माझ्या गावाची गोष्ट तर आणखी जवळची. बाबूराव पेंटरांनी इथंच १९१८ साली देशी कॅमेरा घडवून पुरा केला आणि त्यावर 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. आबालाल रहिमानांनी रंकाळा रंगवला. या गावात दुसऱ्याच्या कामापुढं उभं राहून त्यावर दोन शब्द बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. तालमीतला वस्ताद जसा डाव संपल्यावर पोराला बाजूला घेऊन पाय कुठं चुकला ते सांगतो, तसंच आमच्या वरच्या खोलीत चालायचं.

ड्रॉइंगचे सर शाळेतून निवृत्त झालेले. फोटो हातात आला की ते तो आधी उलटा करायचे, डोकं खाली पाय वर. पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना नीट दिसलं नाही. पण ते मुद्दाम तसं करत. उलटा केला की माणूस माणूस राहत नाही, झाड झाड राहत नाही. उरतात ते काळे, पांढरे आणि राखाडी आकार, आणि त्यांचा तोल कळतो. पुढं वाचनात आलं की फ्रेंच फोटोग्राफर ऑंरी कार्तिए-ब्रेसाँही फोटो उलटे धरून बघायचा. सरांना ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. त्यांची ही सवय चित्रकाराची होती. त्यांच्या शबनम पिशवीत काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन असायचे. ते एकमेकांवर सरकवून ते फोटोला नवी चौकट घालत. वरचा भाग झाकला, डावीकडून बोटभर आत घेतलं, आणि तोच फोटो डोळ्यांसमोर दुसराच होऊन उभा राहायचा. बोलायचे मात्र फार थोडं. "हे बघ," एवढं म्हणून काटकोन तसेच धरून ठेवायचे आणि आपल्याला बघू द्यायचे.

एक्स-रेच्या ताई सरकारी दवाखान्यात तंत्रज्ञ होत्या. काळ्या-पांढऱ्याचं वाचन त्यांच्याइतकं आमच्यात कुणालाच जमत नसे. त्या सांगायच्या, छातीचा एक्स-रे बघताना नजर आपोआप मधोमध जाते आणि दुखणं कडेला लपलेलं असतं. म्हणून आधी कडा बघायच्या, फुप्फुसांची वरची टोकं बघायची, हृदयाच्या सावलीमागं बघायचं, आणि मध्यावर शेवटी यायचं. फोटोही त्या असाच बघत. चारी कोपरे, मग चारी कडा, मग सावल्या, आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तो माणूस सगळ्यात शेवटी. कोपऱ्यातून अर्धी आलेली चप्पल, कुणाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कडेवर कापलं गेलेलं बोट, हे सगळं त्यांना आधी दिसायचं. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर बटण दाबण्याआधी कडेनं एक फेरी मारून यायची, ही सवय मला त्यांनी लावली. आजही माझी नजर आपोआप ती फेरी मारते.

दादा शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते. हातावर जुन्या भाजल्याच्या खुणा, आणि बोलणं असं की समोरच्यानं राग धरूच नये. कॅमेरा घ्यायची त्यांची ऐपत फार उशिरा झाली. त्याआधी कित्येक महिने ते फक्त बघायला यायचे, आणि त्यांना बोलायचा हक्क पहिल्या दिवसापासून होता. काम करणाऱ्या माणसाचा फोटो आला की सगळे दादांकडं बघायचे. फोटोतल्या माणसाचा भार कुठल्या पायावर आहे, हातातली अवजारं त्यानं खरंच धरली आहेत की फोटोसाठी उचलली आहेत, हे त्यांच्या चटकन लक्षात यायचं. "हा काम करत न्हाई, हा थांबलाय," असं त्यांनी म्हटलं की तो फोटो काढणारा मान डोलवायचा, कारण ते खरंच असायचं.

या सगळ्यांनी मिळून एका फोटोचं काय केलं, ते जरा सविस्तर सांगते.

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी थंडीत पहाटे गेले होते. काहिलीत रस उकळत होता, वर वाफेचे लोट, आणि पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप त्या वाफेत उतरलेली. काहिलीवर वाकलेला गुळव्या, हातात फावडं. मी तो फोटो मोठा करून नेला आणि टेबलावर ठेवला.

सगळ्यांनी आधी वाफ सांगितली, तिरीप सांगितली, वाकलेली पाठ सांगितली. मग सरांनी फोटो उलटा केला. उजव्या वरच्या कोपऱ्यात दाराचा उघडा चौकोन होता, पांढराफेक. उलटा केल्यावर तो तळाशी आला आणि सगळी नजर तिकडंच घरंगळायला लागली. सर म्हणाले, "तिरीप आत आणते आणि हे दार बाहेर काढतं. दोघांचं भांडण आहे."

ताई कडेनं फिरत फिरत डाव्या खालच्या कोपऱ्यात थांबल्या. तिथं नुसता काळोख होता. त्यांनी फोटो खिडकीशी नेला, तिरका धरला आणि म्हणाल्या, "इथं कुणीतरी आहे."

दादांनी बघितलं आणि म्हणाले, "असणारच की. जळव्या हाय तो."

मग त्यांनी आम्हाला गुऱ्हाळ समजावून सांगितलं. काहिलीवर उभा असतो तो गुळव्या. रस कधी तयार झाला ते त्याला कळतं, पाण्यात थेंब टाकून गोळी बघतो तो. पण खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं सारतो तो जळव्या. वरून हाक येईल तसा जाळ वाढवायचा, वरून हाक येईल तसा कमी करायचा. जाळ जास्त झाला तर रस करपतो, कमी पडला तर गूळ धरत नाही. त्याला काहिलीतला रस दिसत नाही. गुळव्याच्या आवाजावर त्याचं सगळं काम. दादांनी स्वतः भट्टीपाशी उभ्यानं आयुष्य काढलेलं. ते म्हणाले, "बाई, वरचा माणूस दिसतोय तो खालच्याच्या जिवावर. त्याला तुम्ही अंधारात ठेवू नका."

अण्णा एवढा वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडून निगेटिव्ह मागून घेतली, उजेडाकडं धरली आणि म्हणाले, "आहे की इथं. निगेटिव्हमध्ये सगळा आहे तो. कागदावर यायचा राहिलाय."

त्याच संध्याकाळी ते मला खालच्या डार्करूममध्ये घेऊन गेले. लाल दिव्याच्या उजेडात त्यांनी एन्लार्जर लावला. मी आधी वापरला होता तो कागद जरा कडक होता. काळं अगदी काळं, पांढरं अगदी पांढरं. त्यांनी एक नंबर मऊ कागद काढला. कुल्फीच्या काडीएवढ्या तारेला पुठ्ठ्याची लहानशी चकती लावलेली होती. प्रकाश सुरू झाला की ती चकती त्या काळोख्या कोपऱ्यावर धरून हलकेच हलवत राहायची, म्हणजे तेवढ्या जागेला प्रकाश कमी पोचतो आणि कागद तिथं काळा होत नाही. चकती थांबवली तर तिची कडा उमटते, म्हणून हात एकसारखा हलता ठेवायचा. मग उलटं: एका मोठ्या पुठ्ठ्याला भोक, त्यातून फक्त त्या दारावर जास्तीचा प्रकाश सोडायचा, म्हणजे तो पांढरा चौकोन जरा राखाडी होतो आणि डोळ्याला ओढत नाही. अण्णांनी पहिला कागद स्वतः केला, दुसरा माझ्या हाताला हात लावून, तिसरा मला एकटीला करू दिला.

डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवताना तो कोपरा हळूहळू उमटत आला. आधी चुलवाणाचं तोंड, मग एक गुडघा, मग चिपाडांचा भारा धरलेले दोन हात, आणि शेवटी वर बघणारा चेहरा. वर, गुळव्याच्या आवाजाकडं. त्या फोटोतली सगळी ताकद त्या दोघांमधल्या ओढीत होती, आणि ती त्या रविवारपर्यंत माझ्या निगेटिव्हमध्ये अंधारात पडून होती. सरांनी दाराचं भांडण दाखवलं, ताईंनी माणूस शोधला, दादांनी तो कोण ते सांगितलं, अण्णांनी त्याला कागदावर आणलं. त्या फोटोवर सही करताना माझा हात थांबला होता, आणि तो थांबणंच योग्य होतं.

तो फोटो मी जळव्याला नेऊन दिला. त्यानं बराच वेळ बघितला आणि गुळव्याला हाक मारून म्हणाला, "ये, तू बी आलाइस ह्यात." दादांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांना झालेला आनंद कुठल्याही बक्षिसानं मला झाला नसता.

बक्षिसांचं म्हणाल तर तीही आमच्यात काहींना मिळाली. फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ सालापासून देशभरच्या हौशी फोटोग्राफरांना बांधून आहे, आणि सलोनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाला, फोटो पाठवणं हा आमच्याही वर्षाचा एक भाग असायचा. बारा बाय पंधरा इंचांचे प्रिंट करायचे, त्यांवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं रंग भरून बुजवायचे, पुठ्ठ्यांत नीट बांधून पाठवायचे आणि वाट बघायची. सलोनमुळं शिस्त लागली, गावाबाहेरचं काम बघायला मिळालं. पण सलोनकडून उत्तर यायचं ते घेतला किंवा नाही एवढंच. का नाही, हे कळायचं नाही. ते कळायला ती वरची खोली लागायची. नाकारून परत आलेला फोटो आम्ही पुन्हा टेबलावर ठेवायचो, आणि त्यावर कधी कधी निवडलेल्या फोटोपेक्षाही जास्त बोलणं व्हायचं.

अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सची एक हकिकत मला म्हणूनच फार जवळची वाटते. १९३३ साली तो आपले फोटो घेऊन न्यू यॉर्कला ज्येष्ठ फोटोग्राफर आल्फ्रेड स्टीग्लिट्झकडं गेला. स्टीग्लिट्झनं ते सगळे एकेक करून काही न बोलता बघितले आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. आपल्याच कलेत मुरलेला माणूस आपलं काम दोनदा बघतो, याहून मोठा मान कुठला? आमच्या खोलीत मला तो मान अगदी साध्या माणसांकडून, तरुण वयात आणि फुकट मिळाला.

त्या बैठकीत फक्त उजेड आणि चौकट यांवर बोलणं झालं, असं नाही. कॉलेजात शिकणारा एक मुलगा आमच्यात यायचा. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावरून त्यानं एक फोटो आणला. हवेत गुलालाचा ढग, मागं सासनकाठ्या, आणि पुढं केस मोकळे सुटलेली, अंगात आलेली एक बाई. फोटो जबरदस्त होता. सरांनी उलटा करून बघितला आणि त्यांना हलवण्यासारखं काही सापडलं नाही. ताईंनी कडा बघितल्या, कोपरे बघितले, आणि तिच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "उद्या ही बाई शुद्धीवर असताना तिच्यासमोर हा फोटो ठेवशील का रे?"

खोलीत कुणी बोललं नाही. मुलानं विचार केला आणि म्हणाला, "नाही ठेवता यायचा." त्यानं तो फोटो कुठंच पाठवला नाही. त्याला कुणी पाठवू नको म्हणालं नव्हतं. पण त्या प्रश्नानं आम्हा सगळ्यांनाच एक माप मिळालं, आणि ते कुठल्याही एक्स्पोजर मीटरवर नसतं. ज्याचा फोटो काढला, त्याच्या हातात तो देता आला पाहिजे. मी पोस्टात येणाऱ्या मनिऑर्डरवाल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढत राहिले ते याच मापानं, आणि प्रत्येकाला त्याची प्रत दिली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात एका बाईनं संध्याकाळी चार-पाच पुरुषांबरोबर स्टुडिओच्या वरच्या खोलीत बसणं, हे गावाच्या डोळ्यांवर येण्यासारखं होतं. अण्णांनी ते ओळखून वहिनींना सांगून ठेवलं होतं. दर बैठकीला वहिनी वर यायच्या, भाजी निवडत बसायच्या आणि मधूनच एखाद्या फोटोवर बोलायच्याही. पुढं ताई आल्या. मला नुसतं यायला मिळालं असं नाही. मला तिथं निर्धास्त बसता यावं याची काळजी कुणीतरी न सांगता घेतली. माझ्या फोटोंवर ते जितकं परखड बोलायचे तितकंच इतरांच्या फोटोंवरही. बाई म्हणून कुणी हातचं राखून बोललं नाही, आणि त्या काळी ही बरोबरी मला दुसरीकडं क्वचितच मिळाली.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूरकराला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. आम्ही माणसं वेळेत बाहेर पडलो. निगेटिव्हचे डबे खालच्या फळीवरच राहिले. पाणी ओसरल्यावर डबे उघडले तर आत चिखल. मी पट्ट्या काढून उन्हात पसरणार, तेवढ्यात अण्णांचा फोन आला. आवाज वयानं थकलेला, पण सूचना नेमकी: "वाळवू नका! वाळल्या की एकमेकींना चिकटतील आणि संपलं. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा. मी पोरं पाठवतो."

निगेटिव्हवरचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो, आणि तसाच सुकला तर शेजारच्या पट्टीला कायमचा धरून बसतो. ओला असेपर्यंत मात्र सोडवता येतो. पुरामुळं बंद पडलेला महामार्ग सुरू झाल्यावर शिरोलीहून दादा आले, निवृत्त झालेल्या ताई आल्या, आणि तो जोतिबाच्या फोटोवाला मुलगा, आता स्वतः दोन मुलांचा बाप, रजा काढून आला. बादल्या मांडल्या. एका बादलीत पट्ट्या भिजत, दुसरीत बोटाच्या पेरानं गाळ हलवून काढायचा, तिसरीत शेवटचं पाणी, आणि मग स्टुडिओच्या गच्चीवर दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी सावलीत टांगायच्या. थरावर नख लागलं तर चेहरा जातो, म्हणून सगळे श्वास रोखून काम करत होते. काही पट्ट्या गेल्याच. त्या एकमेकींपासून सुटल्या नाहीत. पण बऱ्याच वाचल्या. गुऱ्हाळाची पट्टी दादांच्या हातात आली तेव्हा त्यांनी ती उजेडाकडं धरली आणि म्हणाले, "जळव्या हाय. गुळव्या बी हाय." ज्यांच्या घरांतही पूर येऊन गेला होता, अशी माणसं माझ्या निगेटिव्ह धूत होती. ते ऋण मी शब्दांत मांडू शकत नाही.

अण्णा आता नाहीत, सरही नाहीत. स्टुडिओ अण्णांचा मुलगा चालवतो. डार्करूममध्ये आता कागदांचे गठ्ठे असतात, आणि वरच्या खोलीत टेबलाच्या जागी भिंतीवर मोठा टीव्ही आहे. पण दुसरा रविवार चुकलेला नाही. फोटो आता बहुतेक मोबाइलवरचे, आणि ते इतके येतात की एकच निवडून आणायचा हा अण्णांचा नियम पूर्वीपेक्षा जास्त गरजेचा झाला आहे. सावलीतला काळोख आता चकतीऐवजी बोट सरकवून उघडता येतो. अवघड आहे ते तेव्हा होतं तेच: त्या काळोखात कुणी आहे का, हे ओळखायचं.

गेल्या पावसाळ्यात इचलकरंजीची एक मुलगी आली. तिनं आपल्या वडिलांचा फोटो आणला होता, यंत्रमागापाशी उभे असलेले. आम्ही तो उलटा केला, कडेनं फेरी मारली, चौकट आत-बाहेर करून बघितली. मग तिला विचारलं, बाबांचं लक्ष कशाकडं आहे? ती म्हणाली, तुटलेल्या धाग्याकडं. खटखटीच्या आवाजातला फरक ऐकून त्यांना धागा तुटल्याचं आधी कळतं. पण तो धागा चौकटीबाहेर होता. पुढच्या महिन्यात तिनं धाग्यासह फोटो आणला. त्यात बाबांचा चेहरा अर्धाच होता आणि तरी ते पूर्वीपेक्षा पुरते दिसत होते. त्या दिवशी दादांची आठवण सगळ्यांनाच झाली; गुडघ्यांमुळं त्यांना आता जिना चढवत नाही. मी तो फोटो घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी त्या मुलीला न बघताच सांगितलं, हिला येऊ दे दर वेळी.

मला जे मिळालं ते कौतुक नव्हतं. कौतुक सोपं असतं आणि करणाऱ्याला त्यासाठी काही खर्च येत नाही. मला मिळाला तो वेळ. दिवसभर राबून थकलेल्या माणसांनी आपला रविवार दुसऱ्याच्या फोटोपुढं घालवला, डोळे ताणून बघितलं, आणि जे दिसलं ते समोरच्याचं मन राखून पण न लपवता सांगितलं. खरं सांगणारा माणूस आपल्याला गमावण्याचा धोका पत्करतो. आपण पुढं जावं असं त्याला मनापासून वाटतं, म्हणूनच तो पत्करतो. हे मला फार उशिरा उमगलं, आणि उमगल्यापासून मी 'छान आलाय' म्हणून कुणाचा फोटो परत दिलेला नाही.

फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: आपला फोटो चार वेगवेगळ्या पेशांच्या माणसांपुढं ठेवा. एक चित्र जाणणारा, एक हातानं काम करणारा, एक कडा बघणारा आणि एक कागद जाणणारा. त्यांचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसा. आणि तुमच्यापुढं कुणी फोटो ठेवला तर तो दोनदा बघा, बोट ठेवून बोला, आणि घाई करू नका. अण्णा, सर, ताई, दादा यांचं देणं त्यांना परत करता येणारं नाही. ते पुढच्या माणसाला द्यायचं असतं. माझ्या वाट्याला आलेला त्यांचा वेळ माझ्यापाशीच ठेवून घ्यायचा मला हक्क नाही.